थंडीत परत येणारी शिट्टी: जुन्या वन-बिट डॅकचा दोष नक्की कुठे असतो

तुमच्याकडे १९९० च्या आसपासचा, वन-बिट डॅक (सीडीवरच्या आकड्यांचा ॲनालॉग सिग्नल बनवणारा भाग) असलेला सीडी प्लेअर असेल आणि गाणं विझत जाताना स्पीकरमधून बारीक शिट्टी ऐकू येत असेल, तर डॅकचा आयसी बदलायला घेण्याआधी हे वाचा. मी हा दोष तीन वेळा ‘दुरुस्त’ केला आणि तिन्ही वेळा तो परत आला. आयसी पहिल्यापासून ठणठणीत होता.

प्लेअर माझ्या काकांचा. १९९२ साली परदेशातून येताना आणलेला, फिलिप्सच्या बिटस्ट्रीम घराण्यातला आयसी असलेला. सदाशिव पेठेतल्या घरात तो खिडकीलगतच्या कपाटावर असतो. काका पहाटे सहाला उठून भीमसेनजींची एखादी सीडी लावतात. सवाई गंधर्वचे दिवस जवळ आले की हा नेम अधिकच कडक होतो. अशाच एका डिसेंबरात ते म्हणाले, “अरे, तानपुरा संपतो ना, त्याच्या मागे काहीतरी शिट्टीसारखं राहतं. मला वाटलं कानच वाजतायत.”

कान वाजत नव्हते. शेवटी तानपुरा फेड होत जातो, तिथे कान देऊन ऐकलं तर ऐन शांततेत एक सरळ, पातळ सूर उरत होता. फक्त डाव्या चॅनेलमध्ये, आणि काही ठरावीक डिस्कवरच. अर्धा-पाऊण तास प्लेअर चालला की जवळजवळ नाहीसा.

पहिल्या वर्षी मी आउटपुटची सॉकेटं साफ केली, केबल बदलली. फेब्रुवारीत शिट्टी गेली, मी खूश. पुढच्या डिसेंबरात परत. त्या वर्षी डॅकला ठेका देणाऱ्या क्लॉकवर संशय घेतला, कारण वन-बिट म्हटलं की सगळे पहिल्यांदा जिटरबद्दलच, म्हणजे क्लॉकचे ठोके किंचित पुढे-मागे होण्याबद्दलच बोलतात. नवीन क्लॉक मॉड्यूल मागवून बसवलं. फेब्रुवारीत शिट्टी गेली. तिसऱ्या हिवाळ्यात सप्लायचे मोठे फिल्टर कपॅसिटर बदलले आणि पुन्हा तेच झालं. दर वेळी दोष घालवला होता तो पुण्याच्या उन्हाने, आणि मी श्रेय देत होतो माझ्या सोल्डरिंगला. दोष ऋतूप्रमाणे येतो-जातो हे लक्षात आलं तेव्हा कुठे तपासाला दिशा मिळाली.

शिट्टी येते कुठून

इथे थोडं थांबायला हवं, कारण हे कळलं की पुढची चाचणी आपोआप सुचते.

सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटचा. वन-बिट डॅक तेच काम फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ या दोन पातळ्यांत करतो, पण २५६ पट वेगाने, म्हणजे सेकंदाला १ कोटी १२ लाख ८९ हजार ६०० वेळा. एका बिटमुळे होणारी प्रचंड गोंगाटी चूक नॉइज शेपर ऐकू येणाऱ्या पट्ट्याच्या वर ढकलतो, आणि पुढचा ॲनालॉग फिल्टर ती गाळून टाकतो.

या घराण्यातल्या आयसींमध्ये शेवटचं काम स्विच्ड कपॅसिटर करतो. दूधवाल्याचं मापटं डोळ्यांसमोर आणा. क्लॉकच्या दर ठोक्याला मापटं भरायचं आणि बिट ‘हो’ असेल तर एका बाजूला, ‘नाही’ असेल तर दुसऱ्या बाजूला ओतायचं. ओतण्याची वेळ किंचित पुढे-मागे झाली तरी दूध तेवढंच पडतं. म्हणून हे आयसी जिटरच्या बाबतीत तुलनेने सोशिक असतात. त्याच काळात जपानमध्ये मात्सुशिताने एनटीटीबरोबर आणलेल्या मॅश पद्धतीत पल्सची रुंदी बदलते, तिथे क्लॉकचा ठोका पुढे-मागे झाला की ती चूक थेट आवाजात उतरते. त्या प्लेअरच्या मालकांनी क्लॉककडे जरूर बघावं. आमच्या प्लेअरला त्याची गरज नव्हती, आणि ही गोष्ट मला पैसे खर्च केल्यावर समजली.

मापट्याच्या पद्धतीत खरा प्रश्न असतो मापट्याच्या आकाराचा. तो ठरतो संदर्भ व्होल्टेजवर, म्हणजे आयसीच्या रेफरन्स पायावर.

आता शांतता असताना बिटांचा प्रवाह कसा असतो? हो-नाही-हो-नाही. म्हणजे क्लॉकच्या बरोबर निम्म्या वारंवारितेचा, ५.६४४८ मेगाहर्ट्झचा, अत्यंत जोरकस सूर. तो कानाला ऐकू येत नाही. पण आयसीच्या आत याच निम्म्या वारंवारितेने धडधडणारे इतरही भाग असतात आणि त्यांची धडधड संदर्भ व्होल्टेजवर चढली की काय होतं बघा: मापटं एक सोडून एक वेळा थोडं मोठं आणि थोडं लहान होऊ लागतं. ‘हो’ कायम मोठ्या मापट्याने आणि ‘नाही’ कायम लहान मापट्याने पडत असेल, तर फक्त एक स्थिर चूक राहते आणि ती ऐकू येत नाही. पण सिग्नलमध्ये नखभर डीसी, म्हणजे शून्यापासून एका बाजूला कायम ढळलेली पातळी असेल, तर मधूनच एक ‘हो’ जास्तीचा येतो आणि ठेका एका पावलाने सरकतो. मग मोठं मापटं ‘नाही’च्या वाट्याला जातं. पुढच्या सरकण्यावर परत उलट. ही अदलाबदल सेकंदाला हजार-दोन हजार वेळा झाली, की तीच तुमची शिट्टी.

काही डिस्कवरच ती का येते, तेही यातच आहे. डिजिटल रेकॉर्डिंगच्या सुरुवातीच्या काळातल्या कन्व्हर्टरांमुळे कित्येक सीडींच्या शांत भागात काही पायऱ्यांचा (पायरी म्हणजे १६ बिटच्या मोजणीतला सर्वांत लहान आकडा) डीसी राहून गेलेला असतो. ज्या डिस्कवर तो आहे ती शिट्टी वाजवते, शेजारची वाजवत नाही.

आयसी बनवणाऱ्यांना अशा सुरांची चांगली कल्पना होती. फिलिप्सच्या एसएए ७३२० मध्ये याच कारणासाठी ३५२ किलोहर्ट्झचा डिदर सिग्नल, म्हणजे असे ठेके मोडणारा जादा सिग्नल, मुद्दाम मिसळलेला आहे. पण संदर्भ व्होल्टेजच हलायला लागलं तर एकटा डिदर तरी किती सावरणार?

चाचणी: सूर हलतो का

सगळ्या तपासात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही पायरी. तिला एक कोरी सीडी आणि एक संध्याकाळ लागते.

ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक मिनिटाचे ट्रॅक बनवा, ज्यात संगीत काही नाही, फक्त स्थिर डीसी आहे: पहिल्यात शून्य, मग १६ बिटच्या मोजणीत ८, १६, ३२ आणि ६४ पायऱ्या. १६ पायऱ्या म्हणजे १६ भागिले ३२,७६८, साधारण ०.०००४९. फाइल काढताना सॉफ्टवेअरचं स्वतःचं डिदर बंद करा, नाहीतर पायऱ्या विस्कटतात. सीडी-आर वापरा. सीडी-आरडब्ल्यूवरून प्रकाश फारच कमी परावर्तित होतो, त्यामुळे या वयाचे बहुतेक प्लेअर ती वाचत नाहीत. स्पीकरची काळजी नको, ६४ पायऱ्या म्हणजे आउटपुटला जेमतेम ५-६ मिलिव्होल्ट, आणि तेही कपलिंग कपॅसिटर बहुधा अडवतो.

आउटपुट लॅपटॉपच्या साउंडकार्डला द्या आणि स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारितेला किती जोर आहे त्याचा आलेख, पाहा. लॅपटॉप बॅटरीवर ठेवा, चार्जर काढून. नुसत्या शून्याच्या ट्रॅकवर विसंबू नका. पुष्कळ प्लेअर सलग शून्य दिसलं की म्यूट ट्रान्झिस्टर चालू करतात आणि सगळं खोटं स्वच्छ दिसतं. मी याच सापळ्यात दोन रविवार घालवले.

आता डीसी दुप्पट केल्यावर शिट्टीची वारंवारिता दुप्पट होते का, एवढंच बघायचं. होत असेल तर दोष डॅकच्या संदर्भ व्होल्टेजमध्ये आहे, दुसरीकडे शोधू नका. गणित सोपं आहे: ५६,४४,८०० भागिले ३२,७६८, म्हणजे एका पायरीला सुमारे १७२ हर्ट्झ. बिटांचा प्रवाह बनवणाऱ्या मॉड्युलेटरमध्ये सिग्नल थोडा आकसून घेतलेला असतो, म्हणून प्रत्यक्षात आकडा कमी येतो. माझ्याकडे तो निम्म्याच्या आसपास होता: १६ पायऱ्यांना १,४०० हर्ट्झच्या जवळ, ३२ ला २,८०० च्या जवळ. पडद्यावर ती रेष ट्रॅकगणिक उड्या मारत उजवीकडे सरकताना पाहिली, तेव्हा तीन वर्षांत पहिल्यांदा मला खात्रीने काहीतरी कळलं होतं. काकांच्या त्या डिस्कवर शिट्टी १,९०० हर्ट्झला होती, म्हणजे बावीसेक पायऱ्यांचा डीसी.

सूर जागचा हलत नसेल तर मात्र प्रकरण वेगळं. ५० किंवा १०० हर्ट्झची गुणगुण असेल तर ग्राउंड लूप (अर्थिंगच्या तारांतून फिरणारा प्रवाह) किंवा मुख्य फिल्टर कपॅसिटर. जुन्या वाड्यांत अर्थिंगची तार बोर्डापर्यंत आलेलीच नसते, ते आधी वायरमनकडून तपासून घ्या. एकाच जागी टिकून बसलेला सूर बहुतेक वेळा शेजारच्या मोबाइल चार्जरचा किंवा एलईडी ट्यूबचा निघतो. ते बंद करून बघायला मिनिट लागतं.

कोणता कपॅसिटर

इथून पुढे प्लेअर उघडायचा आहे. प्लग काढा, दहा मिनिटं जाऊ द्या, आणि ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या बाजूला हात नेऊ नका.

आयसीच्या रेफरन्स पायापासून निघणारा ट्रॅक डोळ्यांनी पकडा. आमच्या बोर्डवर तिथे अडीच व्होल्ट येत होते आणि ४७ मायक्रोफॅरडचा एक छोटा इलेक्ट्रोलिटिक (आत द्रव असलेला) कपॅसिटर होता. मल्टीमीटरवर तो ४३ मायक्रोफॅरड दाखवत होता, म्हणजे नाव ठेवायला जागा नाही. मागच्या वर्षी मी याच आकड्यावर विश्वास ठेवून त्याला सोडून दिलं होतं. या वेळी ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा आतला रोध, मोजणारा मीटर लावला: सकाळच्या गारठ्यात ९ ओहम, दुपारी ४ च्या आसपास. नव्या, चांगल्या कपॅसिटरचा एक ओहमच्या आत असतो. आतला द्रव तीस वर्षांत वाळत आलेला, आणि गारठ्यात उरलेला द्रवही घट्ट होतो, त्यामुळे रोध वाढतो. डिसेंबर आणि फेब्रुवारीतला फरक तो हाच.

पक्कं करण्यासाठी ३२ पायऱ्यांचा ट्रॅक लावून, स्पेक्ट्रम समोर ठेवून, बहिणीचा हेअर ड्रायर त्या एका कपॅसिटरवर धरला. बाकी बोर्ड पुठ्ठ्याने झाकला होता. पंधरा-वीस सेकंदांत रेष खाली बसू लागली. ड्रायर बाजूला केला, कापसाचा बोळा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून कपॅसिटरच्या डोक्यावर ठेवला, तशी ती हळूहळू परत वर आली. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. असं तापवून-गारवून सिद्ध झाल्याशिवाय यापुढे मी एकही पार्ट बदलणार नाही.

खरेदी तपकीर गल्लीत. दुकानदारांना सांगितलं, “दादा, सत्तेचाळीस मायक्रो, पंचवीस व्होल्ट, एकशे पाच डिग्रीचा द्या, लो ईएसआर.” त्यांनी विचारलं, “पॉवर सप्लायला लावताय का?” मी म्हटलं नाही, सीडीच्या आयसीला. त्यावर त्यांनी आणखी एक पाकीट पुढे केलं, “मग हे सिरॅमिकपण घेऊन जा. नुसत्या कंडेन्सरने हाय फ्रिक्वेन्सी धरत नाही.” या वाक्याने माझं निम्मं काम केलं.

कारण नुसता इलेक्ट्रोलिटिक बदलल्यावर रेष खाली आली, पण गेली नाही. ५.६ मेगाहर्ट्झला कोणताही इलेक्ट्रोलिटिक पुरा पडत नाही, तिथे सिरॅमिकच हवा. १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक या वारंवारितेला ०.२८ ओहम दाखवतो. आमच्या बोर्डवर असा सिरॅमिक होता, पण सप्लायच्या पायाजवळ. रेफरन्सच्या पायापासून तो तीन सेंटीमीटर दूर पडत होता. तीन सेंटीमीटर पातळ ट्रॅकचं इंडक्टन्स (वेगाने बदलणाऱ्या प्रवाहाला अडवण्याचा गुण) धरा २४ नॅनोहेन्री, म्हणजे याच वारंवारितेला ०.८५ ओहम. रस्ताच मुक्कामापेक्षा तिप्पट महाग! नवा होता तोवर इलेक्ट्रोलिटिक कसंबसं निभावून नेत होता, वाळल्यावर सगळा भार या लांबच्या सिरॅमिकवर पडला.

मग ०८०५ मापाचा, तिळाएवढा, एक्स७आर जातीचा १०० नॅनोफॅरड घेतला आणि बोर्डच्या खालच्या बाजूने थेट रेफरन्सचा पाय आणि त्याच्या शेजारचं ग्राउंड यांच्यामध्ये बसवला. मधली तार शून्य. भिंग, बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न, भरपूर फ्लक्स, आणि जवळच्या पायांत सोल्डरचा पूल झालेला नाही ना, हे मीटरने तपासणं. एवढं सांभाळलं तर घरी होण्यासारखं काम आहे. ३२ पायऱ्यांच्या ट्रॅकवरची रेष नॉइजमध्ये बुडाली.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. रेफरन्सवर मोठा, महागडा ‘ऑडिओ ग्रेड’ कपॅसिटर लांब पायांवर उभा करू नका. त्याचे पायच वर सांगितलेल्या ट्रॅकसारखे आड येतात, आणि लोक नंतर म्हणतात की इतका भारी पार्ट लावूनही शिट्टी तशीच. आणि आयसी काढू नका. माझ्या एका मित्राने याच दोषासाठी ऑनलाइन मागवलेला आयसी बसवायला घेतला. चारही बाजूंना बारीक पाय असलेला जुना आयसी उपटताना सहा पॅड बोर्डवरून सुटून आले, आणि नवा म्हणून आलेला आयसी आधी कुठेतरी वापरलेला निघाला. त्याचा प्लेअर आजही बंद आहे. हे आयसी आता बनत नाहीत. जो चालू आहे त्याला जपायला हवं.

दोन आयसींची जोडी असलेले बोर्ड, म्हणजे एसएए ७३५० बरोबर टीडीए १५४७, ज्याला डॅक-७ म्हणून ओळखतात, त्यांच्याकडेही याच नजरेने बघता येईल. तिथे नॉइज शेपर वेगळ्या आयसीत नेला आहे, म्हणजे डिजिटलची धडधड मापट्यापासून लांब राहते. रचना निःसंशय सरस आहे. पण सप्लायचे पाय जास्त, म्हणून तपासायचे कपॅसिटरही जास्त, आणि डावा-उजवा चॅनेल वेगवेगळा वाळतो. एकाच चॅनेलमध्ये शिट्टी असेल तर दोन्ही बाजूंच्या त्याच जागच्या कपॅसिटरचे ईएसआर शेजारी-शेजारी लिहून काढा, फरक लगेच दिसेल. आमच्याकडेही उजवीकडचा जोडीदार ३ ओहमवर पोचला होता. तोही बदलला आणि त्यालाही खालून एक तीळ चिकटवला.

हे काम जानेवारीत केलं, म्हणून त्या फेब्रुवारीतल्या शांततेला मी काही किंमत दिली नाही. त्यानंतर दोन डिसेंबर गेले. गेल्या डिसेंबरात बाहेर ११ अंश होते त्या पहाटे पावणेसहाला काकांकडे गेलो, प्लेअर रात्रभर खिडकीशी गार पडलेला. थंड असतानाच पाचही ट्रॅक लावले. शून्य, ८, १६, ३२, ६४. कुठेच रेष नाही. मग काकांनी चाचणीची सीडी बाहेर काढायला लावली आणि आपली लावली. गाणं संपलं, तानपुरा विझत गेला, आणि डिस्क थांबेपर्यंत काका स्पीकरकडे कान करून बसले होते. उठताना म्हणाले, “आता षड्ज शेवटपर्यंत षड्जच राहतोय रे.”